सशांची लिना आणि जांभळी कातडी

इदालिना रेझेंडिसला कोलंबिया स्ट्रीटवर सगळे ‘सशांची लिना’ म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तिला त्याचं काही वाटत नसे. अठ्ठावन्न वर्षांची, बिनलग्नाची, बुटकी, गोल, आणि एकदा हसायला लागली की आवरता न येणारी बाई. तिच्या तीन मजली लाकडी घरात खालच्या मजल्यावर थोरली बहीण ओडेट राहायची, वरच्या मजल्यावर शहाऐंशी वर्षांची मावशी, तिया झुल्मिरा, आणि मधे लिना. लिना हसली की खालचीला छतातून कळायचं आणि वरचीला फरशीतून.

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. फॉल रिव्हर शहरातल्या एका जुन्या दगडी कापडगिरणीत तपासणीची कंपनी होती. साबण, क्रीम, फरशी पुसायचं औषध, असलं काहीही बाजारात जायच्या आधी ते माणसाच्या अंगाला झोंबतं का, हे तिथे सशांवर बघत. सशाची पाठ भादरायची, तिच्यावर औषधाची पट्टी लावायची, आणि कातडी लाल होते का, सुजते का, ते तपासत राहायचं. सशांचं खाणंपिणं आणि पट्टी लावताना त्यांना धरणं, हे लिनाकडे. ससा घाबरला की स्वतःचा कणा मोडेल इतक्या जोरात लाथ झाडतो. लिनाच्या हातात मात्र तो मऊ पडायचा. ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची, बस.

त्या गुणगुणण्याचाच तिला राग यायचा. “मी गाते म्हणून तो विश्वासाने बसतो,” एकदा ती ओडेटला म्हणाली, “आणि मग मीच त्याला धरून देते.”

“मग सोड की नोकरी.”

“सोडली तर दुसरं कोणी धरेल. त्याला गाता येत नसलं तर?”

ओडेटने सूप ढवळलं आणि विषय बदलला.

असं वीस-बावीस वर्षं चाललं. मग मार्चमध्ये एका सकाळी डॉक्टर मॉरीन कीफ सशांच्या खोलीत आल्या. या नव्या विभागप्रमुख, वयाने लिनाहून बऱ्याच लहान, आणि वाईट बातमी असो की चांगली, सारख्याच चेहऱ्याने सांगणाऱ्या. त्यामुळे लिना आधीच धास्तावली.

“लिना, यापुढे आपल्याकडे ससे येणार नाहीत,” कीफबाई म्हणाल्या. “कातडीच्या सगळ्या तपासण्या आता माणसाच्या कातडीवर करायच्या.”

“कुठल्या माणसाच्या?” लिनाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“अहो, तुमच्या नाही. आपण वाढवायची. पेशी आणायच्या, ताटलीत पेरायच्या, रोज खायला घालायचं. कातडी उगवते.”

“वाफ्यातल्या केलच्या भाजीसारखी?”

कीफबाईंनी क्षणभर विचार केला. “साधारण तशीच.”

“आणि ती खरी असते? माणसाची?”

“सशापेक्षा तरी नक्कीच माणसाची. सशाची कातडी आपल्याहून नाजूक असते. तिच्यावर जे होतं ते आपल्यावर होईलच असं नाही. तुम्हाला ते काम शिकवायचं ठरलंय. तुमची तयारी असेल तर.”

लिना चाऱ्याच्या पोत्यावर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग पोट, आणि मग ती अशी हसायला लागली की पिंजऱ्यातले झाडून सगळे ससे कान उभे करून तिच्याकडे बघू लागले. डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी. कीफबाई रुमाल शोधू लागल्या. हे हसणं आहे की रडणं, ते त्यांना कळेना. खरं तर लिनालाही कळत नव्हतं.

उरलेले चौदा ससे घरं मिळाली तर लोकांना द्यायचे, असं कंपनीने ठरवलं. प्राण्यांच्या आश्रमात जागा नव्हती. “मी देते ना घरं शोधून,” लिना छाती पुढे काढून म्हणाली. “आमच्या पोर्तुगीज लोकांना ससे फार आवडतात.” आणि लगेच तिने जीभ चावली, कारण आपल्या लोकांना ससे कसे आवडतात ते तिला चांगलंच माहीत होतं. लसूण घालून. रात्रभर वाईनमध्ये मुरवून. वरून तमालपत्र.

रविवारी चर्च सुटल्यावर तिने पायरीवर उभं राहून जाहीर केलं की ससे फुकट आहेत. एवढ्या वर्षांत तिच्याभोवती कधी इतकी गर्दी जमली नव्हती. चुलतभाऊ अव्हेलिनोने पहिलाच प्रश्न केला, “भरतो केवढा?”

“पाळायला आहेत, अव्हेलिनो.”

“हो हो, पाळायलाच. पण सोलल्यावर किती भरेल?”

एका बाईने दोन मागितले, कारण ईस्टरला पाहुणे येणार होते. एकाने विचारलं, औषधं लावलेला ससा चवीला कडू लागतो का. लिना एकेकाला हाकलत होती आणि हसून हसून तिच्या बरगड्या दुखत होत्या. शेवटी तिने नियमच केला. ज्याला ससा हवा त्याने आधी सशाचं नाव सांगायचं. नाव ठेवलेलं जनावर कापायला माणूस कचरतो, असा तिचा हिशेब होता. अव्हेलिनो म्हणाला, “रस्सा.” त्याला ससा मिळाला नाही.

तरी हळूहळू घरं मिळाली. शाळेतल्या बाईंनी तीन नेले, नर्सांनी दोन, पोर्तुगीज क्लबच्या खजिनदाराने बायकोच्या धाकाने एक. लिना कोणालाही न सांगता जेवणाच्या वेळेला त्या घरांच्या दारात उभी राहायची आणि आत शिरायच्या आधी नाक वर करून वास घ्यायची. लोक म्हणायचे, “या, लिना, ससा जिवंत आहे, सूप घ्या.”

या सगळ्यात एक माणूस रोज यायचा. ग्वाल्तेर बोटेलो, कोपऱ्यावरचा खाटीक. उंच, मिशाळ, चार वर्षांपूर्वी बायको गेलेली. त्याच्या दुकानाच्या पाटीवर दर शनिवारी खडूने लिहिलेलं असायचं: ‘आज ससा’. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा लिनाने दारच अडवलं.

“दोना इदालिना, मला दोन ससे द्या.”

“सेन्योर बोटेलो, तुम्हाला ससा द्यायचा म्हणजे मांजराला दूध राखायला सांगायचं.”

“मी धंद्याचा माल धंद्यात ठेवतो. हे घरासाठी.”

“घरात कोण आहे तुमच्या?”

“कोणी नाही,” तो म्हणाला. “म्हणूनच.”

लिनाने दारावरचा हात काढला. पण खाटीक तो खाटीक. तिने नाहीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो केलच्या देठांची पिशवी घेऊन आला. “माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी,” असं सांगून पिशवी ठेवून गेला. तिसऱ्या दिवशी गाजराची पानं. चौथ्या दिवशी पुन्हा केल, आणि तिच्यावर कागदात गुंडाळलेलं शोरीसचं सॉसेज. “हे सशांसाठी?” लिनाने विचारलं. “हे नाही,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. वरच्या खिडकीतून तिया झुल्मिरा ओरडली, “अगं, त्याला आत तरी घे, जिन्यात किती दिवस शिजवणार आहेस?”

शेवटी दोनच ससे उरले. एकाचा कान वाकडा, दुसऱ्याच्या पाठीवर भादरलेल्या जागी केस पुन्हा नीट आलेच नव्हते. त्यांना कोणी घेत नव्हतं. ग्वाल्तेर म्हणाला, “मला चालतील. मीही काही देखणा नाही.”

“नावं?”

“तुम्हीच ठेवा. तुम्ही ठेवलेलं नाव कापायची माझी हिंमत होणार नाही.”

लिनाने नावं ठेवली, एकाचं बिशप आणि दुसऱ्याचं नगराध्यक्ष, आणि काळजावर दगड ठेवून दोघं त्याच्या हवाली केले.

इकडे गिरणीतलं नवं शिक्षण सुरू झालं होतं. ताटलीत तळाला बारीक जाळी असलेल्या इवल्या इवल्या वाट्या, जाळीवर पेशी, खाली गुलाबी पाणी. ते पाणी हेच त्यांचं अन्न. पाणी पिवळट दिसलं की समजायचं, खाऊन झालं, आता बदला. काही दिवस पेशी पाण्याखाली राहत. मग पाणी कमी करून त्यांना उघड्या हवेत आणायचं. हवा लागली की आपण कातडी आहोत हे जणू त्यांना कळायचं, आणि त्या थरावर थर चढवू लागायच्या. वरून बघावं तर दुधावर धरलेली साय.

लिनाला हे सगळं पटकन समजलं. जमेना एकच गोष्ट. उघड्या ताटलीसमोर बोलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. तोंडाला पट्टी, केसांना निळी टोपी, हात काचेच्या आत, आणि तोंड बंद. बावीस वर्षं जनावरांशी गप्पा मारलेल्या बाईला ही शिक्षाच होती. पहिल्या आठवड्यात तिच्या रबरी हातमोज्यातून हवा निसटली आणि असा काही आवाज झाला की लिना काचेवर कपाळ टेकून हसत सुटली. त्या नादात कोपर आत गेलं, बाही ताटल्यांवरून फिरली. दोन दिवसांनी ताटलीत हिरवी बुरशी.

“अख्खी ताटली गेली,” कीफबाई म्हणाल्या.

“माझ्यामुळे?”

“तुमच्या बाहीमुळे. टाकून द्या आणि पुन्हा पेरा. माझ्या पहिल्या तीन गेल्या होत्या.”

“तुम्हीही हसला होतात?”

“मी शिंकले होते.” हे सांगताना कीफबाईंचा चेहरा पहिल्यांदा हलला.

लिनाने पुन्हा पेरलं. रोज सकाळी कोट चढवायचीही घाई तिला व्हायची, आज साय किती धरली ते बघायला. बोलणं बंद होतं, पण पट्टीच्या आड घशातल्या घशात गुणगुणायला कोणी मनाई केली नव्हती. रस्त्याने चालताना ती लोकांच्या गालांकडे, कोपरांकडे टक लावून बघू लागली. बेकरीतल्या पोरीला म्हणाली, “काय सुंदर थर चढलेत गं तुझ्यावर.” पोरीला वाटलं, तळलेला गोड मालासादा खाऊन आपण लठ्ठ झालो.

एका रविवारी दुपारी ती ग्वाल्तेरच्या घरावरून जात होती. ठरवून नाही, असं तिचं म्हणणं. खिडकी उघडी होती आणि खिडकीतून वास येत होता. वाईन. लसूण. तमालपत्र.

लिना वळली. दार वाजवायचं ती विसरली. जिना धडाधड चढून सरळ स्वयंपाकघरात शिरली, हाताने चटका सोसत भांड्याचं झाकण उचललं आणि वाफेत डोकं घातलं. आत आठ पाय होते.

“ऑक्टोपस आहे,” मागून आवाज आला.

ग्वाल्तेर बनियनवर खुर्चीत बसला होता, वर्तमानपत्र हातात, चष्मा नाकावर. मांडीवर बिशप झोपला होता. नगराध्यक्ष टेबलाखाली बसून त्याच्या चपलेची पट्टी मन लावून कुरतडत होता, आणि ती पहिली चप्पल नव्हती हे कोपऱ्यातल्या ढिगावरून दिसत होतं.

लिना झाकण हातात घेऊन उभी. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी नीट कळलं.

“मी फक्त...” ती म्हणाली.

“बसा,” तो म्हणाला. “मला उठता येत नाही, हा जागा होईल. बशी तुमची तुम्हीच घ्या.”

तिने बशी घेतली. ऑक्टोपस लोण्यासारखा मऊ शिजला होता. जेवताना तो म्हणाला की पाटीवरचा ससा त्याने पुसून टाकला आहे. “कापायला घेतला आणि याचा वाकडा कान आठवला. सुरी खाली ठेवली.”

“आणि गिऱ्हाइकं?”

“त्यांना सांगतो, माल येत नाही. डुक्कर मात्र कापतो, आधीच सांगून ठेवतो. डुकराशी माझी अजून ओळख झालेली नाही.”

लिनाला घास लागला. पाठीवर थापटायला त्याला शेवटी उठावंच लागलं, आणि बिशप रागावून पलंगाखाली गेला.

मे महिन्यात लिनाने वाढवलेली कातडी पहिल्यांदा खऱ्या तपासणीला लागली. एका बाजूला सौम्य साबण, एका बाजूला भट्टी साफ करायचं जहाल औषध, आणि मधे नुसतं पाणी, तुलनेसाठी. औषध टाकायची वेळ आली तेव्हा कीफबाईंनी बघितलं, लिनाचे दोन्ही हात ताटलीभोवती ओंजळीसारखे धरलेले आहेत. घट्ट, पण हळुवार. लाथ बसेल म्हणून.

“लिना,” कीफबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “ती कुठे पळणार नाही.”

लिनाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग एकेक बोट सोडवलं आणि हात मांडीवर ठेवले. औषध पडलं. कोणी दचकलं नाही, कोणाचं काळीज धडधडलं नाही, कोणाचे डोळे तिला शोधत आले नाहीत. ताटली तिथेच होती, ताटलीसारखी.

मग धुणं झालं, वाट बघणं झालं, आणि शेवटी पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. उबेच्या पेटीत काही तास ठेवून ताटली बाहेर काढली, तेव्हा पाण्याच्या वाट्या गडद जांभळ्या झाल्या होत्या. साबणाच्याही. पिकल्या द्राक्षासारख्या, रसरशीत. जहाल औषधाच्या तेवढ्या फिक्कट राहिल्या.

“उत्तम वाढवलीय,” कीफबाई म्हणाल्या. “एकसारखी, दाट.”

ताटली बंद होती, तेव्हा आता हसायला हरकत नव्हती. लिनाने कीफबाईंना कमरेला धरून उचललंच. गेल्या वीस वर्षांत त्यांना कोणी जमिनीवरून उचललं नसावं. त्या म्हणाल्या, “खाली ठेवा,” आणि मग, खाली ठेवल्यावर, “पुन्हा उचललंत तरी चालेल.” दोघी कोट घालून मधल्या वाटेत गोल गोल फिरल्या. हिशेबखात्यातला माणूस दारातून डोकावला आणि दार ओढून घेऊन निघून गेला.

जूनमध्ये पवित्र आत्म्याचा सण आला. क्लबच्या अंगणात लांबलचक टेबलं, पुदिना घातलेलं सूप, गोड पावांचे डोंगर, बँड. लिना ग्वाल्तेरशेजारी बसली होती, आणि समोर तिया झुल्मिरा, कान टवकारून. म्हातारीने बरेच दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

“लिना, तुझी ती कातडी. तिचं बी कुठून आणता?”

लिनाने इकडेतिकडे पाहिलं. फादर दोन खुर्च्या सोडून बसले होते. “दवाखान्यातून. शस्त्रक्रियेत उरलेले तुकडे असतात ना. आईबापांनी परवानगी दिली तर.”

“आईबापांनी? म्हणजे पोरांचे? पोरांचे कसले तुकडे उरतात?”

“तिया, मग सांगते.”

“आत्ता सांग. मगपर्यंत मी जिवंत असेन कशावरून?”

लिना पुढे वाकून तिच्या कानाशी कुजबुजली, “तान्ह्या बाळांची सुंता होते ना, त्यातलं.”

म्हातारीने चमचा खाली ठेवला. “तेवढ्याशा गोष्टीतून एवढी कातडी?” तिला जरा कमी ऐकू येत असल्यामुळे तिचं कुजबुजणं अंगणभर ऐकू जायचं.

“वाढते, तिया.”

“ते मला नको सांगूस,” तिया म्हणाली. “सहा पोरं झाली मला.”

टेबलच्या टेबल हसून कोसळलं. ओडेटच्या नाकातून सूप आलं. अव्हेलिनो बाकावरून मागे पडला. फादरांनी ताटात नजर घातली, पण त्यांची मान गदागदा हलत होती. लिनाला तर श्वासच घेता येईना. ती ग्वाल्तेरच्या बाहीला धरून हेलकावे खात होती, आणि तोही मिशीतून पाणी गळेपर्यंत हसत होता. जरा दम आला तसा तो म्हणाला, “लिना, माझ्याशी लग्न कर.” दोना नाही, तुम्ही नाही, एकदम लिना.

“आत्ता विचारतोस?” तीही एकदम ‘तू’वर घसरली.

“तू हसतेस तोवर विचारून घेतलं. नंतर धीर होत नाही.”

“पण मी हसायची थांबले तर?”

“वाट बघेन. फार वेळ थांबणार नाहीस.”

तिने हो म्हटलं की नाही, हे बँडमुळे कोणाला ऐकू आलं नाही. तिने त्याचा हात धरून नाचाच्या रिंगणात ओढलं, तेव्हा सगळ्यांना समजलं. तो उंच, ती बुटकी. नाचताना तिचा चेहरा त्याच्या तिसऱ्या गुंडीशी यायचा.

लग्न ऑक्टोबरात ठरलं, शनिवारी, सकाळी अकराला. आणि नेमकं त्याच सकाळी नव्या पेशींना पाण्यातून हवेत आणायचं होतं. कीफबाई म्हणाल्या, मी करते. लिना म्हणाली, “मी पेरली, मीच वर काढणार. अर्ध्या तासाचं काम.” ओडेटने सकाळी तिच्या केसांना रोलर बांधले होते, त्यांच्यावर तिने निळी टोपी ओढली. टोपी बसेना, दोन माणसांनी ताणून बसवली. काचेमागे हात घालून लिना एकेका वाटीतलं पाणी काढत होती, डोकं कोबीच्या गड्ड्याएवढं. बाहेर मांसाच्या व्हॅनमध्ये नवरदेव काळ्या सुटात बसला होता आणि येणारेजाणारे गाडीपाशी थांबून विचारत होते, आज दुकान उघडं आहे का.

अर्ध्या तासाचा तास झाला. चर्चमध्ये फादर तीनदा घड्याळ बघून आले. तिया झुल्मिराने पहिल्या बाकावरून सगळ्यांना समजावून सांगितलं की मुलगी पळून गेलेली नाही, ती कातडीला हवा द्यायला गेली आहे. नवरानवरी शेवटी एकाच व्हॅनमधून उतरली. ओडेटने पायरीवरच रोलर ओढून काढले, कीफबाईंनी पदर नीट करावा तसा तिचा झगा मागून सारखा केला, आणि लिना आत गेली.

टोपीच्या घट्ट पट्टीची लाल रेघ तिच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत उमटली होती. ती प्रत्येक फोटोत आहे. ओडेट अजून हळहळते, निदान पावडर तरी लावायची होतीस. लिना म्हणते, कशाला. सोमवारी बघितलं, एकूण एक वाटीवर साय धरली होती.